नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी, १८९७) हे मुंबईतील गिरणी कामगारांचे पुढारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि दीनबंधू या साप्ताहिकाचे संपादक होते. भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना स्थापन केली. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झालेल्या कामगाराचा निर्वाह या मागण्या त्यांनी सरकार व गिरणीमालक यांच्यापुढे सातत्याने मांडल्या. १० जून, १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने कामगारांना साप्ताहिक सुट्टी देण्याचे मान्य केले. हे त्यांच्या कार्यातील सर्वांत परिचित यश होय.

प्रारंभिक जीवन

लोखंडे यांचा जन्म ठाणे येथे एका गरीब माळी कुटुंबात झाला. हे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील होते. त्या काळच्या ठाणे जिल्ह्यात वसई तालुक्याचाही समावेश होता. आज हा तालुका पालघर जिल्ह्यात आहे. लोखंडे यांच्या बालपणी हा सारा परिसर झपाट्याने मुंबईशी जोडला जात होता. १६ एप्रिल, १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि १८६७ साली विरारहून मुंबईकडे लोकलगाडी धावू लागली. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभारलेल्या कापड गिरणीत १८५६ पासून उत्पादन होऊ लागले होते. त्यानंतरच्या दोन दशकांत गिरण्यांची संख्या वाढत गेली. कोकण, घाट आणि ठाणे परिसरातील माणसे कामाच्या शोधात शहरात येऊ लागली.

लोखंडे यांचे शिक्षण ठाण्यात मॅट्रिकपर्यंत झाले. पुढे शिकण्यासारखी घरची परिस्थिती नव्हती. त्यांनी प्रथम रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि त्यानंतर मुंबईतील मांडवी भागातील एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून काम पाहिले.

गिरणीतील कामाची स्थिती

भांडारपालाची नोकरी ही कचेरीची नोकरी होती. तरीही या कामामुळे लोखंडे यांना खात्याखात्यांतील कामगारांचे जीवन रोज जवळून पाहता आले. विजेचे दिवे येण्यापूर्वीच्या त्या काळात गिरणीचा दिवस सूर्योदयाला सुरू होई व सूर्यास्ताला संपे. उन्हाळ्यात तो तेरा ते चौदा तासांचा होई. दुपारच्या जेवणासाठी यंत्रे थांबतीलच अशी खात्री नसे. सुट्टी सणावारी मिळे. ज्या रविवारी गिरणी बंद असे, त्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना बोलावले जाई.

पगार महिन्याचा असे, पण तो पुढच्या महिन्यात बऱ्याच उशिराने हाती पडे. तोवर कामगार वाण्याकडून व सावकाराकडून उधारीवर दिवस काढी. थकलेला पगार गिरणीकडे अडकून राहिल्यामुळे नोकरी सोडून जाणेही त्याला अवघड होई. गैरहजेरीबद्दल खाडा धरला जाई आणि एका दिवसाच्या गैरहजेरीसाठी दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धतही गिरण्यांत होती. भरती, बढती आणि बडतर्फी जॉबरच्या हाती असल्याने त्याला खूश ठेवणे हा नोकरी टिकवण्याचा भाग झाला होता. यंत्रात हात सापडला तर उपचारांचा आणि त्या काळातील निर्वाहाचा भार कामगारावरच पडे.

१८७५ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कारखान्यांविषयी विधेयकाचा मसुदा तयार केला. या हालचालींतून १८८१ चा पहिला कारखाने कायदा झाला. मात्र तो मुख्यतः मुलांपुरता होता. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. या मुलांना महिन्यातून चार सुट्ट्याही मिळाल्या. शंभराहून कमी माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू नव्हता आणि प्रौढ स्त्री-पुरुष कामगारांच्या तासांविषयी त्यात काहीच नव्हते.

सत्यशोधक समाज आणि दीनबंधू

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर, १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लोखंडे लवकरच या कार्यात सामील झाले आणि मुंबईतील शाखेचे प्रमुख कार्यकर्ते बनले. मुंबईतील तेलुगू कंत्राटदार व व्यापारी मंडळी हा या शाखेचा मोठा आधार होता. जन्मावरून माणसाची किंमत ठरवू नये, हा या समाजाचा मूळ विचार होता. लोखंडे यांनी तो गिरणीच्या दारापर्यंत नेला. श्रम करणारा माणूस केवळ हजेरीपटावरचा आकडा नसून त्याला शरीर, कुटुंब आणि मान आहे, ही त्यांच्या पुढील सर्व मागण्यांची बैठक होती.

कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी, १८७७ रोजी पुण्यात सुरू केलेले दीनबंधू हे साप्ताहिक आर्थिक अडचणींमुळे बंद पडले होते. १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा सुरू केले. पुढे गिरणीतील नोकरी सोडून ते पूर्णवेळ या कामाला लागले. शेतकरी व कामगारांचे प्रश्न नियमितपणे मांडणाऱ्या आरंभीच्या मराठी पत्रांत दीनबंधूची गणना होते. गिरण्यांतील कामाचे तास, दंड, थकलेले पगार व अपघात यांविषयीच्या तक्रारींना या पत्राने जागा दिली.

फुले आणि लोखंडे यांचे संबंध जवळचे असले तरी त्यांच्यात मतभेदही झाले. फुले यांच्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथाचे आरंभीचे भाग दीनबंधूने छापले, परंतु पुढील भाग छापणे थांबवले. फुले यांनी याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. तरीही ११ मे, १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाडा सभागृहात फुले यांचा जो सत्कार झाला आणि ज्यात त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली, त्याच्या आयोजनात लोखंडे यांचा सहभाग होता.

बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी पुन्हा एक आयोग नेमला. आयोगापुढे मालक, व्यवस्थापक व डॉक्टर यांचे म्हणणे जाणार होते. कामगारांचे म्हणणे मांडणारी कोणतीही संस्था नव्हती. लोखंडे यांनी २३ सप्टेंबर, १८८४ रोजी परळ भागात गिरणी कामगारांची सभा भरवली. २६ सप्टेंबर रोजी दुसरी सभा झाली. या सभांतून एक निवेदन तयार झाले आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. याच सुमारास बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन अस्तित्वात आली व लोखंडे तिचे अध्यक्ष झाले.

निवेदनातील प्रमुख मागण्या पुढीलप्रमाणे होत्या :

– सर्व कामगारांना रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी.
– दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी.
– काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे.
– महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिला जावा.
– कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी.

या यादीत पगारवाढीची मागणी नव्हती. आयोगापुढे कामगारांची बाजू लेखी स्वरूपात गेली, तरी तिच्या आधारे लगेच कायदा झाला नाही.

साप्ताहिक सुट्टीचा लढा

१८८९ मध्ये लोखंडे यांनी याच मागण्या पुन्हा निवेदनाच्या रूपाने सरकारकडे पाठवल्या. २४ एप्रिल, १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे झालेल्या सभेला सुमारे १०,००० कामगार जमले होते. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्या काळात जाहीर सभेत कामकरी स्त्रियांनी बोलणे ही विरळा गोष्ट होती. सभेतून साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारा अर्ज गिरणीमालक संघाकडे पाठवण्यात आला. संघाने १० जून, १८९० रोजी ही मागणी मान्य केली.

रविवार हा खंडोबाचा वार असल्याने तो दिवस कामगारांना देवकार्यासाठी व समाजकार्यासाठी मोकळा हवा, असा युक्तिवाद लोखंडे यांनी केल्याचे सांगितले जाते. या यशाची व्याप्ती मात्र नेमकी समजून घेणे आवश्यक आहे. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी आधीपासून होती. १८९० चा निर्णय मुंबईतील कापड गिरण्यांपुरता होता. त्याला कायद्याचे बळ व देशव्यापी स्वरूप पुढच्या वर्षी मिळाले.

१८९१ चा कारखाने कायदा

१८९० साली भारत सरकारने कारखान्यांच्या प्रश्नावर नवा आयोग नेमला. सोराबजी शापूरजी बंगाली हे त्याचे सदस्य होते आणि मुंबईतील कामकाजासाठी लोखंडे यांचा स्थानिक प्रतिनिधी म्हणून आयोगात समावेश करण्यात आला. सहा वर्षांपूर्वी ज्या कामगारांचे म्हणणे आयोगापुढे मांडण्यासाठी सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या, त्यांचाच प्रतिनिधी आता आयोगात बसला होता.

आयोगाच्या अहवालानंतर झालेला १८९१ चा कायदा पन्नास वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना लागू झाला. सर्व कामगारांना आठवड्यातून एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या तरतुदी त्यात आल्या. स्त्रियांच्या कामाची मर्यादा अकरा तास ठरली. मुलांचे किमान वय नऊ वर्षे करण्यात आले व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा घालण्यात आली. प्रौढ पुरुषांच्या तासांवर मर्यादा येण्यासाठी मात्र १९११ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

या कायद्यांमागे केवळ कामगारांची निवेदने नव्हती. मुंबईचे स्वस्त कापड लँकेशायरच्या गिरण्यांना स्पर्धा करू लागले होते आणि तेथील मालकांनी भारतात निर्बंध आणण्यासाठी ब्रिटिश सरकारवर दबाव टाकला होता. १८९० मध्ये बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचाही परिणाम झाला. केसरी व मराठा यांसारख्या राष्ट्रीय वृत्तपत्रांनी कारखाने कायद्याला देशी उद्योगावरील आघात मानून विरोध केला. लोखंडे यांनी या वादात कामगाराच्या हिताची बाजू धरली. परक्या गिरणीमालकांचा हेतू स्वार्थी असला, तरी त्यामुळे येथील कामगाराची तक्रार खोटी ठरत नव्हती.

मागण्यांमागील विचार

कामाच्या ठिकाणची नीती, कामगाराच्या मनाची स्थिती आणि कामातील त्याचा सहभाग यांचा परस्परसंबंध हा आज व्यवस्थापनशास्त्राचा विषय आहे. लोखंडे यांच्या काळात अशी परिभाषा नव्हती. तथापि, त्यांच्या मागण्या एकत्र पाहिल्या असता हा संबंध त्यांत स्पष्ट दिसतो.

गिरणीमालकांची त्या काळातील नेहमीची तक्रार अशी होती, की कामगार नियमित येत नाहीत, मध्येच गावी निघून जातात आणि कामाच्या वेळी यंत्र सोडून बाहेर रेंगाळतात. तास लांब असले तरी काम सलग होत नाही, असे सांगून ते कायद्याची गरज नाकारत. याच वस्तुस्थितीचा दुसरा अर्थ लोखंडे यांच्या निवेदनातून निघतो. ज्याला ठरलेली विश्रांती नाही, तो ती चोरून घेतो. ज्याला हक्काची सुट्टी नाही, तो खाडा करतो. गैरहजेरी आणि रेंगाळणे हा कामगाराच्या स्वभावाचा दोष नसून कामाच्या रचनेचा परिणाम आहे, असे या मागण्या सुचवतात.

पगाराच्या तारखेची मागणीही अशीच पाहता येते. थकलेला पगार हे कामगाराला गिरणीशी बांधून ठेवण्याचे साधन होते. त्यामुळे तो नोकरीत राही, पण ते राहणे मनापासूनचे नसे. मिळवलेले वेतन ठरल्या दिवशी देणे ही मालकाच्या शब्दाची कसोटी होती. जखमी कामगाराच्या वेतनाची मागणी याच्याही पुढे जाते. यंत्राजवळ रोज धोका पत्करणाऱ्या माणसाला, आपण पडलो तर घर उघड्यावर येईल ही भीती मनात घेऊन काम करावे लागू नये, असा तिचा अर्थ होता.

लोखंडे यांच्या आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत या वादावर अनपेक्षितपणे प्रकाश पडला. १८९६–९७ च्या प्लेगमध्ये कामगारांनी मोठ्या संख्येने मुंबई सोडली. गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा अनेक गिरण्यांनी कामगार टिकवण्यासाठी रोजच्या रोज मजुरी देण्यास सुरुवात केली. उशिरा पगार देणे ही हिशेबाची अपरिहार्यता नव्हती, हे त्यातून उघड झाले.

अन्य सामाजिक कार्य

लोखंडे यांचे कार्य गिरण्यांपुरते मर्यादित नव्हते. विधवांच्या केशवपनाच्या प्रथेविरुद्ध १८९० मध्ये त्यांनी मुंबईतील नाभिकांची सभा घडवून आणली आणि तेथे जमलेल्या नाभिकांनी विधवांचे केस कापण्याचे काम न करण्याचा निश्चय केला. आपल्या व्यवसायातील एखादे काम अन्यायाचे असेल तर ते नाकारण्याचा नैतिक अधिकार कारागिराला आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. गिरणगावातील कामगारही तिच्यात ओढले गेले होते. लोखंडे यांनी राणीच्या बागेत सलोख्याची सभा घेऊन दोन्ही समाजांतील लोकांना शांततेचे आवाहन केले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

प्लेगची साथ आणि मृत्यू

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. दाट वस्ती, कोंदट चाळी आणि अपुरे पाणी यांमुळे रोग कामगारवस्त्यांत वेगाने पसरला. सरकारी रुग्णालयांत जाण्यास लोक घाबरत असत. लोखंडे यांनी रुग्णांच्या उपचारांसाठी मराठा रुग्णालय सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि स्वतः मदतकार्यात भाग घेतला. याच काळात त्यांना प्लेगची लागण झाली. ९ फेब्रुवारी, १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचेही पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी निधन झाले.

मूल्यमापन

बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला भारतातील पहिली कामगार संघटना म्हणावे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तिला सभासदांची नोंदवही, निधी किंवा लिखित नियम नव्हते, असे तत्कालीन सरकारी अहवालात नमूद आहे. कामगारांनी आणलेल्या तक्रारींवर लोखंडे स्वेच्छेने सल्ला देत व त्यांचे अर्ज लिहून देत, असे तिचे प्रत्यक्ष स्वरूप होते. तिने संपाचा मार्ग अवलंबला नाही. तिचा भर सभा, सह्या व निवेदने यांवर होता. लोखंडे यांच्या निधनानंतर तिचे काम टिकले नाही. वर्गणीदार सभासद असलेली आधुनिक पद्धतीची संघटना १९१८ साली मद्रासमध्ये उभी राहिली, असे अनेक अभ्यासक मानतात. बंगालमध्ये शशिपद बॅनर्जी यांनी १८७० च्या दशकात कामगारांच्या शिक्षणाचे कार्य सुरू केले होते.

दुसऱ्या बाजूने असे सांगितले जाते, की अक्षरओळख नसलेल्या आणि बडतर्फीच्या सततच्या भीतीखाली असलेल्या हजारो कामगारांना एका निवेदनावर एकत्र आणणे हीच त्या काळातील संघटना होती. लोखंडे यांच्या मागण्यांचा पुढील प्रवास या मताला पुष्टी देतो. साप्ताहिक सुट्टी व दुपारची विश्रांती १८९१ च्या कायद्यात आली. अपघाताच्या भरपाईसाठी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. पगार ठरल्या मुदतीत देण्याचे बंधन १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने घातले. १८८४ च्या यादीतील वेळेवर पगाराची मागणी मान्य होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

मुंबईतील कामगार कार्याची परंपरा पुढे चालू राहिली. सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये कामगार हितवर्धक सभा स्थापन झाली. तिच्या कार्यावर सत्यशोधक व सुधारणावादी विचारांचा ठसा होता.

स्मृती आणि वारसा

मुंबईत परळ येथील राज्य शासनाच्या श्रम अभ्यास संस्थेला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव देण्यात आले आहे. ३ मे, २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्याचे प्रकाशन तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. मनोहर कदम यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतील बहुतेक कापड गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि अनेक कामगार कुटुंबे दूरच्या उपनगरांत राहावयास गेली. लोखंडे यांच्या काळच्या ठाणे जिल्ह्यातील वसई-विरार हा पट्टा आता अशाच श्रमिक वस्तीचा भाग आहे. नालासोपारा पूर्वेकडील तुळिंजसारख्या भागांतून रोज हजारो माणसे लोकलने मुंबईकडे कामाला जातात, तर काही जण परिसरातील लहान कारखान्यांत व दुकानांत काम करतात. कारखान्यांप्रमाणेच दुकाने व आस्थापनांतील कामगारांनाही आता कायद्याने साप्ताहिक सुट्टीचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातही तशी तरतूद आहे. ठरलेले तास, ठरल्या दिवशी पगार आणि दुखापतीच्या वेळी आधार या लोखंडे यांनी मांडलेल्या अपेक्षा कंत्राटी व असंघटित कामगारांच्या बाबतीत आजही अनेक ठिकाणी अपूर्ण आहेत.